पिवळा ठिपका

डिझेलच्या ट्रेमधला ब्रश काढायला मिस्त्रीणबाईंनी हात घातला आणि बोटांना काहीतरी गुळगुळीत, टोकाकडे निमुळतं लागलं. बाहेर काढलं तर वॉशर. शंकूच्या आकाराचा, एका बाजूनं चिरलेला, करंगळीच्या पेराएवढा. त्यामागून दुसरा निघाला. तिसरा आणि चौथा तळाच्या गाळात रुतले होते. चारही त्यांनी फडक्यावर ओळीनं मांडले आणि त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. 

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

ते चार वॉशर या वेळी हत्तिणीच्या डाव्या पुढच्या चाकामागे असायला हवे होते. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा जो आर्म असतो, तो चार नटांनी आवळलेला असतो. त्या चार नटांखाली हे चार वॉशर, गॅरेजच्या भाषेत कोन. कोन बसल्याशिवाय नट आवळायचे नसतात, आणि नट आवळल्याशिवाय चाक चढवायचं नसतं. इथे कोन ट्रेमध्ये होते आणि हत्तीण सकाळी आठ वाजताच डोंगराकडे निघून गेली होती.

हत्तीण म्हणजे मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीची गाडी. बहीण नर्स. आठवड्यातून एकदा वरच्या पाच वस्त्यांवर लशी, औषधं आणि वजनाचा काटा घेऊन ती एकटी जायची. त्या वाटेला साधी गाडी दोन वळणांत हात जोडते, म्हणून तिनं लिलावात ही तीस वर्षांची फोर व्हील घेतली होती. अवजड, करडी, चढावर सोंड वर केल्यासारखी हुंकारणारी.

नट ढिले पडत गेले की आर्म सुटतो. मग स्टिअरिंग तेवढं हातात राहतं आणि चाक आपल्या मर्जीनं जातं. चढावर असं झालं तर गाडी फार तर अडून बसेल. पण चार वाजता वन्सं उतरायला लागणार होत्या.

पुढचा विचार मिस्त्रीणबाईंनी मनात येऊच दिला नाही.

खरं तर अशी चूक या गॅरेजमध्ये होऊच शकत नव्हती. बावीस वर्षांची पद्धत होती. मिस्त्रींनी नट आवळायचा, पाना काढायचा आणि म्हणायचं, “झालं.” ते ऐकलं की मिस्त्रीणबाईंनी बारीक ब्रशानं नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. अर्धा नटावर, अर्धा लोखंडावर, म्हणजे नट तसूभर फिरला तरी ठिपका तुटलेला दिसावा. पिवळं म्हणजे पक्कं. अलीकडे मिस्त्रींच्या डोळ्यांवर सायीसारखं आलं होतं, तेव्हापासून तर ते स्वतःच्या आठवणीपेक्षा त्या पिवळ्यावरच जास्त विसंबायचे. बारीक काही दिसलं नाही तरी पिवळं त्यांना दिसायचं.

आणि बाईंचा स्वतःचा एक नेम होता. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी फाटकाबाहेर जाताना बॉनेटवर उजवा हात ठेवायचा आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं. कुणाला दिसायचंही नाही. आज सकाळीही त्यांनी हात ठेवला होता, नाव घेतलं होतं. मन मात्र तिथे नव्हतं. मन रुसलेलं होतं.

कारण घरात तिसऱ्या दिवसाचा अबोला चालू होता.

निमित्त एवढंसं. वन्सं हत्तीण सोडायला आल्या होत्या. मिस्त्री गाडीखाली आडवे होऊन दुखणी सांगत होते आणि बाई वहीत लिहीत होत्या. त्या वहीत खर्चाचे तीन रकाने असत. पहिला ‘आत्ता’, दुसरा ‘पुढच्या खेपेला’ आणि तिसरा ‘चालतंय तोवर’. पुढच्या एक्सलचे ऑइल सील गेलेत, चाकात तेल उतरतंय, बेअरिंगं खडखडतायत: आत्ता. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, एक पान तडकलंय: पुढच्या खेपेला. चासीला गंज, चारही चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं रडणं, चाळिसाच्या पुढे स्टिअरिंगला सुटणारी थरथर, इंधनाचा न चालणारा काटा, न बंद होणारा वायपर: चालतंय तोवर.

“दादा, या गाडीचा तिसरा रकाना माझ्या संसारापेक्षा लांबलाय,” वन्सं म्हणाल्या. “पहिल्याचा आकडा सांग.”

“सील, बेअरिंगं, ग्रीस. मजुरी धरायची नाही.”

“मजुरी धर. नाहीतर मी दुसरीकडे नेते.”

“ने की! दुसरा हिला बघून शटर ओढून घेईल.”

वन्सं हसल्या आणि त्यांनी सहज विचारलं, “आणि तुझे डोळे कुठल्या रकान्यात आहेत?”

“चालतंय तोवर,” गाडीखालून उत्तर आलं.

तिथे बाईंचा तोल गेला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तेवढं भान राहिलं नाही. “काय चालतंय? काल ब्रेकचं तेल म्हणून पाणी ओतायला निघाले होते! वन्सं, तुम्हीच सांगा यांना. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली ऑपरेशनची, दोन्हीदा हे घरात लपून बसले.”

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, “गिऱ्हाईक इथे गाडी दाखवायला येतं. मिस्त्रीचे डोळे बघायला येत नाही.”

बस्स. त्यानंतर एक शब्द नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, पाना हवा असला की हात पुढे करायचे. बाई हातावर पाना ठेवायच्या, जरा जोरातच.

काल संध्याकाळचं आता त्यांना लख्ख आठवलं. उजवी बाजू पुरी झाली होती. डावीकडचे कोन गंजले होते म्हणून मिस्त्रींनी ते डिझेलमध्ये टाकले आणि आर्म लोंबू नये म्हणून चार नट नुसते हातानं फिरवून ठेवले. तेवढ्यात सुट्या भागांच्या दुकानदाराचा फोन आला आणि ते बोलत फाटकाकडे गेले. बाई रंगाची डबी घेऊन तिथे आल्या. ‘झालं’ कुणी म्हटलं नव्हतं. पण दोन दिवस ते तसंही कुणी म्हणत नव्हतं. या माणसाच्या तोंडातून शब्द पडायची वाट बघत मी ब्रश धरून किती उभी राहू? नट तर जागेवर दिसतायत. त्यांच्या शब्दावाचून माझं काही अडलेलं नाही.

आणि त्यांनी चार ठिपके दिले होते. नेहमीपेक्षा ठसठशीत.

परत आल्यावर मिस्त्रींना पिवळं दिसलं. त्यांनी चाक चढवलं.

बाई उठल्या. फडक्यात वॉशर गुंडाळून बाहेरच्या शेडमध्ये गेल्या. मिस्त्री एका रेडिएटरला डाग देत बसले होते. त्यांनी काही न बोलता हात पुढे केला, पाना मिळेल म्हणून. बाईंनी तळव्यावर चार कोन ठेवले.

मिस्त्रींनी पाहिलं नाही. अंगठ्यानं एकेक चाचपला. मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

“डावीकडचे,” ते म्हणाले. तीन दिवसांतला पहिला शब्द.

“हो.”

“मी बसवलेच नाहीत.” त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “मी कोन न बसवता चाक चढवलं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या गाडीचं.”

बाईंनी तोंड उघडलं. ठिपके मी लावले, तुम्ही सांगायच्या आत लावले, एवढंच वाक्य होतं. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं, कारण त्याच्या पुढे दुसरा एक विचार येऊन उभा राहिला होता. यांना वाटू दे ना डोळ्यांमुळे झालं असं. मग ऑपरेशनला नाही म्हणणार नाहीत. विचार मनात आला तशी त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तरी तोंड मिटलेलंच राहिलं.

“फोन लाव तिला.”

लावला. लागेना. वर रेंज नसतेच. मग त्यांनी डोंगराच्या पायथ्याच्या फाटकावर लावला. पहारेकऱ्यानं उचलला.

“नर्सताई? नवाला वर गेल्या की. मिस्त्री, वर धुकं उतरायला लागलंय हो. त्या चारपर्यंत थांबायच्या नाहीत. धुकं दिसलं की शेवटची वस्ती सोडून परततात.”

“तुझ्याकडे वर जायला काही आहे?”

“सायकल आहे.”

मिस्त्रींनी फोन ठेवला. अंगणात तीन गाड्या होत्या. एकीचं इंजिन बाकावर, एकीची चाकं कोपऱ्यात. उरली ती गॅरेजची स्वतःची म्हातारी, हत्तिणीहूनही चार वर्षांनी थोरली. दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या करता करता तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. तिच्या वहीत पहिले दोन रकाने कोरेच होते, सगळं तिसऱ्यात. रेडिएटर पाझरायचा, दुसरा गिअर आपोआप निसटायचा आणि हँडब्रेक केवळ शोभेला.

“मी चालवते,” बाई म्हणाल्या.

“तू अंगणाबाहेर कधी नेली नाहीस.”

“आणि तुम्हाला अंगण दिसत नाही. बसा.”

जॅक, पाने, नवे नट, चार कोन पुसून रुमालात. पिशवी मांडीवर घेऊन मिस्त्री शेजारी बसले. पिशवीच्या कप्प्यात रंगाची डबी नेहमीसारखी होतीच.

फाटकाशी पोचायला अडीच वाजले. पहारेकरी आधीच फाटक उघडून उभा होता. मिस्त्रींनी उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं फिरवले, तेव्हा कुठे चारही चाकांत जोर आला. त्यासाठी त्यांना डोळे लागले नाहीत.

“तेरा वळणं आहेत,” ते बसता बसता म्हणाले. “नववं वाईट. नवव्यापर्यंत उतरताना डोंगर डाव्या हाताला असतो. नववं ओलांडलं की दरी डाव्या हाताला येते, आणि कठडा नाही.”

डावं चाक. बाईंना वेगळं सांगावं लागलं नाही.

“म्हणजे नवव्याच्या वर गाठायला हवं.”

“हं. दुसरा टाक, आणि दांडीवरचा हात काढू नको. सोडलास की निसटेल.”

बाईंनी एका हातानं गिअरची दांडी दाबून धरली, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग. रस्ता कसला, दगडांचा उतरता ढीगच. म्हातारी कण्हत, आचके देत चढत होती. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. उघडे ठेवून फारसा फरकही पडत नव्हता.

“उजवीकडे घे. डावं चाक चरात चाललंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पाटा बोलला. आता सरळ. क्लचवर पाय ठेवून बसू नको, जळेल.”

“नाही ठेवला.”

“वास येतोय.”

बाईंनी पाय काढला.

तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. पाचव्याला पांढरा पदर काचेसमोर येऊन उभा राहिला. धुकं. काटा तापमानाच्या तांबड्या रेघेला टेकला होता.

“हीटर लाव,” मिस्त्री म्हणाले. “पूर्ण. इंजिनातली उष्णता आत ओढून घेईल.”

भट्टीसारखी झळ पायांवर आली. बाई घामानं निथळत होत्या आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव सुरू होतं. पण नावाला लय सापडत नव्हती. दर वेळी मधेच ते चार ठिपके यायचे.

सहाव्या वळणावर बॉनेटखालून शिटी वाजली आणि वाफेचा लोट उठला.

“बंद कर! बंद कर इंजिन!”

चाकांमागे दगड लावून दोघं खाली उभी राहिली. बाई पाण्याचा डबा घेऊन पुढे झाल्या, तसं मिस्त्रींनी त्यांचं मनगट पकडलं. “झाकण उघडू नकोस. उकळतं पाणी तोंडावर उडेल. दहा मिनिटं थांबायचं.”

“दहा मिनिटं नाहीयेत आपल्याकडे!”

“नाहीयेत. तरी थांबायचं.”

बाई ओलं फडकं रेडिएटरवर टाकत राहिल्या. ते चुरचुरून क्षणात वाळायचं. मिस्त्री दगडावर बसले. हातांचे पंजे पालथे करून गुडघ्यांवर ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“तिला मी गाडी शिकवली,” ते म्हणाले. “सतरा वर्षांची होती. आई ओरडायची माझ्यावर.” मग थोड्या वेळानं, “गॅरेज बंद करून टाकू. तिला काही झालं तर प्रश्नच नाही. पण नाही झालं तरी. ज्या हाताला चार कोनांची आठवण राहत नाही त्यानं पाना धरू नये.”

फडकं बाईंच्या हातातच राहिलं.

“कोन तुम्ही विसरला नव्हतात,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वर केली.

“तुम्ही फोनवर गेलात. नट नुसते लावलेले होते. तुम्ही ‘झालं’ म्हणाला नव्हतात, आणि मी ठिपके दिले. रागात दिले. तुमच्या शब्दाची वाट का बघायची म्हणून दिले.” आता थांबणं शक्य नव्हतं. “आणि गॅरेजमध्ये तुम्ही ‘मी विसरलो’ म्हणालात तेव्हाही मी गप्प बसले. म्हटलं, यामुळे तरी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्याल. एवढी गेले मी खाली.”

वाफेचा फुसफुसाट तेवढा ऐकू येत होता.  हा अबोला कालच्या अबोल्यासारखा नव्हता. बाईंना तो जास्त सोसवेना.

शेवटी ते उठले, रेडिएटरपाशी आले, तळवा झाकणाच्या वर धरून अंदाज घेतला.

“झाकणावर फडकं धर. अर्धा आटा सोड, वाफ जाऊ दे. आता ओत.”

म्हातारी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. सातवं वळण त्यांनी नुकतंच घेतलं होतं तोच वरून, धुक्याच्या पोटातून, आवाज आला. तीन आखूड हॉर्न.

“वन्सं!” बाई म्हणाल्या. प्रत्येक वळणावर तीनदा हॉर्न देणारी या डोंगरात एकच गाडी होती.

“गाडी थांबव. इंजिन बंद. ऐकू दे.”

पुन्हा तीन हॉर्न. जरा जवळ.

“बारावं झालं, हे अकरावं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी मान कलती केली. “ऐकलंस? दर दगडाला टक् येतंय, आणि मागून कर्र. आर्म हलतोय. तिला वाटत असेल, नेहमीची थरथर.”

बाईंचा हात आपसूक हॉर्नवर गेला. मिस्त्रींनी तो झटकून टाकला.

“वेडी आहेस का? आपला हॉर्न ऐकला की ती वर येणाऱ्या गाडीला आतली बाजू द्यायला दरीच्या कडेला घेते. मीच शिकवलंय तसं.”

“मग काय करू?”

“डावीकडे पायवाट दिसते? काटेरी झुडूप असेल.”

“दिसते.”

“ती आठवं वळण तोडून थेट नवव्याच्या वर निघते. मी पडेन. तू जा.”

बाई पळाल्या. पन्नाशीच्या पायांनी, चपला टाकून, फडकं खांद्यावर घेऊन, झुडपं धरधरून. मागून मिस्त्रींचा आवाज आला, “रस्त्याच्या मधोमध उभी राहू नको, डोंगराकडे राहा! डोंगराकडे!” वरून तीन हॉर्न आले. दहावं. तळपायात काहीतरी घुसलं, बाईंनी पाहिलं नाही. त्यांचं नामस्मरण केव्हाच सुटलं होतं. देवा, माझ्या हातानं झालंय, माझ्या हातानं झालंय, एवढंच श्वासाबरोबर येत-जात होतं.

वर रस्त्यावर हात टेकले तेव्हा दिव्यांचे दोन पिवळट गोळे धुक्यातून समोर येत होते.

डोंगराकडे राहायचं असतं हे त्या विसरल्या. मधोमध उभ्या राहून त्यांनी रेडिएटरचं ते मळकं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवलं.

हत्तिणीचा ब्रेक किंचाळला. आणि त्याच क्षणी, ब्रेकचा भार पडताच, बाईंच्या डोळ्यांदेखत दोन्ही चाकांची फारकत झाली. उजवं चाक सरळ राहिलं, डावं बाहेर वळलं, कुणी न सांगता. गाडीनं आपलं करडं अंग डावीकडे टाकलं, डोंगराच्या पायथ्याची नाली ओलांडायला गेली आणि खाडकन तीतच बसली.

इंजिन बंद पडलं. डावीकडे डोंगर होता. तीस पावलं पुढे तो उजवीकडे गेला असता.

दार उघडलं. “वहिनी?” वन्सं बाहेर आल्या त्या कपाळ चोळत. “अहो, वेड लागलंय का? मरायचंय की मला मारायचंय?”

“स्टिअरिंगला हात लावू नका,” बाई म्हणाल्या आणि रस्त्यातच खाली बसल्या. “लागलं का कुठे?”

“टेंगूळ आलंय. लशींची पेटी शाबूत आहे. पण गाडीला झालं काय? मी इकडे वळवलंच नव्हतं!” मग त्यांनी वहिनीचे पाय पाहिले आणि आवाज बदलला. “हे रक्त कसलं? चपला कुठायत? थांबा, हलू नका, पट्टी आणते.”

त्या पट्टी बांधत होत्या आणि बाई अडखळत सगळं सांगत होत्या, तेवढ्यात मिस्त्री पोचले. पायवाटेनं नाही, रस्त्यानं, डोंगराच्या भिंतीला हात लावत. खांद्यावर पिशवी. त्यांनी आधी बहिणीचं डोकं चाचपलं, टेंगळावर बोट थांबलं. मग हात खाली आला आणि बायकोच्या खांद्यावर क्षणभर टेकला. मग ते गाडीकडे गेले.

जॅक लावून चाक काढलं. चार नटांपैकी दोन नव्हतेच. तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता, बोट लागताच गळून हातात आला. चौथा तेवढा कसाबसा धरून होता, आणि त्याच्यावर पिवळा ठिपका, दोन तुकडे झालेला, पण चांगला ठसठशीत.

“चूक कुणाची रे दादा?” वन्सं म्हणाल्या. विचारण्यात राग होता आणि असायलाच हवा होता. “वहिनी म्हणतात त्यांची.”

“ठिपका तिचा,” मिस्त्री नट हातात फिरवत म्हणाले. “पण चाक चढवताना माझं तोंड त्या नटांपासून वीतभर होतं. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला नटाखालची उघडी फट दिसली असती. मला नुसतं पिवळं दिसलं.” ते थांबले. “हिनं मला सहाव्या वळणावरच खरं सांगितलं. न सांगती तर मला कधी कळलं नसतं. तेव्हापासून, भिंत चाचपत येतानाही, मी तेच घोकत होतो, म्हटलं, आता सुटलो, आता डोळे काही दोषी नाहीत. पण नाही. वही आणली आहेस?”

“वही गॅरेजमध्ये आहे,” बाई म्हणाल्या.

“मग ध्यानात ठेव. डोळे पहिल्या रकान्यात घे.”

“मजुरी धरायची का?” वन्संनी विचारलं, आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना त्याच वाक्यावर फुटलं.

काम तासभर चाललं. आर्म जागेवर बसला. एकेक कोन मिस्त्रींनी बोटांनी चाचपून आत सरकवला, हलक्या हातोडीनं ठोकला, वर नवा नट घेतला. धुकं आता इतकं दाट होतं की वन्संना टॉर्च धरून अगदी टेकून बसावं लागलं. बाई शेजारी, पट्टी बांधलेला पाय लांब करून, हातात रंगाची डबी.

पहिला नट. “झालं.” ठिपका.

दुसरा. “झालं.” ठिपका.

तिसऱ्याला पाना जरा निसटला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा ओढला. “झालं.” ठिपका.

चौथा त्यांनी आवळला. पाना काढला. नट दिसत तर पक्का होता. बाईंनी ब्रश बुडवला, टोकाशी पिवळा थेंब जमला, आणि त्या थांबल्या. मिस्त्री बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा पाना चढवला, दोन्ही हातांनी पाव वळसा आणखी दाबला, पाना काढला, नटाभोवती बोट फिरवलं.  ब्रशावरचा थेंब ओघळून बाईंच्या अंगठ्यावर आला, तरी त्यांनी हात पुढे नेला नाही.

“झालं,” मिस्त्री म्हणाले.